जीटेक्स पोर्टलचं परीक्षण: व्हेरिअंटपासून आजारापर्यंत जाताना ते किती साथ देतं?

हजारो-लाखो लोकांचे जीनोटाइप, म्हणजे त्यांच्या डीएनएतली अक्षरं, आणि त्यांचे आजार ताडून पाहिले, म्हणजे जीवास केला, की हाती येते ती व्हेरिअंटची, म्हणजे डीएनएतल्या माणसागणिक बदलणाऱ्या जागांची यादी. आजाराशी जोडलेल्या या व्हेरिअंटपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रथिनाच्या आराखड्याला हातच लावत नाहीत. ते दोन जनुकांच्या मधल्या जागेत नाहीतर इंट्रॉनमध्ये, म्हणजे जनुकातल्या प्रथिन न घडवणाऱ्या भागात पडलेले असतात. त्यांचा आजाराशी संबंध असेल, तर तो बहुधा एखादं जनुक किती प्रमाणात व्यक्त होतं, म्हणजे त्याचं आरएनए किती बनतं, यातून येतो. आणि तेही प्रत्येक ऊतीत सारखं नसतं. मग कुठलं जनुक, कुठल्या ऊतीत, कोणत्या दिशेने? हा प्रश्न पडला की सगळे आधी उघडतात ते जीटेक्स पोर्टल, म्हणजे कुठला व्हेरिअंट कुठल्या ऊतीत कुठल्या जनुकाची अभिव्यक्ती बदलतो हे दाखवणारं संकेतस्थळ. ते उत्तम आहे, फुकट आहे आणि अगदी सहज चुकीचंही वाचलं जातं. म्हणून या परीक्षणात ते वाचायचं कसं, यावरच जास्त भर आहे.

अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्यसंशोधन संस्थेच्या कॉमन फंडाने २०१० साली जीटेक्स प्रकल्प सुरू केला. पोर्टल ब्रॉड इन्स्टिट्यूटकडे आहे. व्ही८ आवृत्तीत ९४८ दाते, ५४ ऊती आणि आरएनए सीक्वेन्सिंगचे १७,३८२ नमुने आहेत. ईक्यूटीएलच्या, म्हणजे व्हेरिअंट आणि जनुकाची अभिव्यक्ती यांचा संबंध शोधणाऱ्या विश्लेषणात त्यातले ८३८ दाते, ४९ ऊती आणि १५,२०१ नमुने आले. ज्या ऊतींचे किमान ७० नमुने नव्हते, त्या बाजूला ठेवल्या गेल्या. हे सगळे नमुने मृत्यूनंतर दिलेल्या दानातून मिळालेले आहेत. जिवंत माणसाच्या मेंदूतून किंवा हृदयातून इतक्या प्रमाणावर ऊती कुणीच घेऊ शकत नाही. त्या कुटुंबांनी अत्यंत कठीण वेळी दिलेली संमती हा या साधनाचा पाया आहे, आणि डेटा काळजीपूर्वक वाचणं हे त्यांचंही देणं आहे.

खालचे आकडे व्ही८चे आहेत, कारण प्रकाशित झालेलं बहुतेक काम त्यावर उभं आहे. त्यानंतर व्ही१० आली. जनुकांची व्याख्या ठरवणारी जेनकोड ही यादी २६ व्या आवृत्तीवरून ३९ व्या आवृत्तीवर गेली. दोन आवृत्त्यांचे आकडे एकाच तक्त्यात मिसळले तर काही जनुकं नुसती गायब होतात, कारण ओळख क्रमांकातल्या बिंदूनंतरचा अंक बदललेला असतो. जुळवताना तो अंक काढून टाका, पण कुठली आवृत्ती वापरली हे फाइलच्या नावातच लिहून ठेवा.

आता प्रत्यक्ष वापर. शोधचौकटीत आरएस१२७४०३७४ हा व्हेरिअंटचा क्रमांक टाका. हा व्हेरिअंट पहिल्या गुणसूत्रावर, बी३८ (संदर्भ जीनोमची नवी आवृत्ती) मोजणीनुसार १०,९२,७४,९६८ या जागी आहे. ॲलील म्हणजे त्या जागेचं एकेक रूप: इथे संदर्भ ॲलील जी, पर्यायी टी. एलडीएल कोलेस्टेरॉल आणि हृदयविकाराशी जोडलेला हा अतिशय चांगला तपासलेला व्हेरिअंट आहे, म्हणून कुठलंही साधन पारखायला तो सोयीचा पडतो. जागा पाहिली तर तो सेल्सर२ या जनुकाच्या शेपटाकडच्या भागात बसलेला आहे. नुसत्या जवळिकीवरून बोट ठेवलं असतं, तर ते सेल्सर२वर पडलं असतं. पोर्टलच्या तक्त्यात मात्र यकृताच्या ओळीत सॉर्ट१ ठळकपणे वर येतं: टी ॲलील असेल तर सॉर्ट१ची अभिव्यक्ती वाढलेली. यकृताचे नमुने फक्त २०८, स्नायूंचे ७०६. तरीही संकेत यकृताचाच जोरदार. नमुने कमी असून एखादी ऊती पुढे येते, तेव्हा तिच्याकडे लक्ष द्यावं, कारण हा फरक नुसत्या नमुन्यांच्या संख्येने पडलेला नाही.

पण त्याच ओळींत, त्याच यकृतात, सेल्सर२ आणि पीएसआरसी१ हीदेखील दिसतात. एकच व्हेरिअंट तीन शेजारी जनुकांना एकदम हलवतो आहे. यातलं कोलेस्टेरॉल कोण बदलतं, हे पोर्टल सांगू शकत नाही. सांगितलं ते २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी: टी ॲलीलमुळे सी/ईबीपी या प्रथिनाला बसायला जागा तयार होते, यकृतपेशीत सॉर्ट१ वाढतं, आणि उंदरांच्या यकृतात सॉर्ट१ वर-खाली केलं की कोलेस्टेरॉलही हलतं. पोर्टलने संशयितांची यादी तीनवर आणली आणि ऊती पक्की केली. एवढं काम त्याचं, आणि ते मोठं आहे. पुढचं काम प्रयोगशाळेचं.

प्रत्येक ओळीच्या शेजारी व्हायोलिन प्लॉटचं बटण असतं. ते न दाबता कधीही पुढे जाऊ नका. प्लॉटखाली तिन्ही जीनोटाइपच्या नमुन्यांची संख्या लिहिलेली असते, आणि खरी गोष्ट तिथेच कळते. पर्यायी ॲलीलची वारंवारता २० टक्के धरली, तर यकृताच्या २०८ नमुन्यांत टीटी असलेले साधारण ८ जण, जीटी असलेले ६७ जण अपेक्षित. यावर रेषा काढता येते. आता मूत्रपिंडाच्या बाह्यकाचे ७३ नमुने घ्या आणि व्हेरिअंटची वारंवारता २ टक्के धरा. मिश्र जीनोटाइपचे जेमतेम ३ जण मिळतात आणि पर्यायी ॲलीलच्या दोन प्रती असलेला एकही नाही. तीन माणसांच्या बिंदूंवर ओढलेल्या उताराला पी-व्हॅल्यू कितीही सुंदर असो, त्यावर पुढचं वर्ष घालवू नये.

तक्त्यातला एनईएस हा परिणामाचं मोजमाप देणारा स्तंभ सर्वांत जास्त फसवतो. चिन्ह नीट वाचा: अधिक म्हणजे पर्यायी ॲलीलने अभिव्यक्ती वाढते, उणे म्हणजे घटते. पर्यायी म्हणजे संदर्भ जीनोमहून वेगळा, एवढाच अर्थ. तो दुर्मिळ असेलच असं नाही, आणि आजाराचा धोका वाढवणाराही असेलच असं नाही. जीवासच्या तक्त्यात धोक्याचा ॲलील जी आणि पोर्टलवर पर्यायी टी असेल, तर चिन्ह उलटवल्याशिवाय एक वाक्यही लिहिता येत नाही. सॉर्ट१च्या बाबतीत नेमकं हेच होतं: जास्त एलडीएलचा ॲलील जी, म्हणजे कमी सॉर्ट१चा ॲलील जी. इथे चूक झाली तर औषधाने सॉर्ट१ दाबायचं की वाढवायचं, हा सल्लाच उलटा होतो.

एनईएसच्या आकाराला मात्र थेट जैविक अर्थ नाही. अभिव्यक्तीचे आकडे आधी टीएमएम या पद्धतीने समपातळीवर आणून नंतर क्रमवारीनुसार प्रमाण वितरणात बसवले जातात, आणि उतार त्या बदललेल्या मोजमापातला असतो. ०.८ एनईएस म्हणजे ८० टक्के वाढ नव्हे. प्रत्यक्षात किती पट, हे हवं असेल तर ईजीन फाइलमधला एएफसीचा, म्हणजे दोन ॲलीलमधला पटींचा फरक देणारा स्तंभ पाहा. तो लॉग २ मध्ये असतो: १ म्हणजे पर्यायी ॲलील असलेल्या प्रतीतून संदर्भ प्रतीच्या दुप्पट आरएनए. म्हणजे मिश्र जीनोटाइपच्या माणसात एकूण दीडपट, दुप्पट नव्हे. लेखांत आणि सादरीकरणांत हा घोळ सर्रास दिसतो.

आता मुख्य मुद्दा. व्ही८मध्ये प्रथिन बनवणाऱ्या ९४.७ टक्के जनुकांना कुठल्या ना कुठल्या ऊतीत ईक्यूटीएल सापडलं आहे. प्रत्येक जनुकाच्या सुरुवातीच्या बिंदूपासून दोन्हीकडे दहा लाख अक्षरांपर्यंतचे सगळे व्हेरिअंट तपासले जातात, आणि शेजारचे व्हेरिअंट एकत्रच वारशाने येत असल्याने एका खऱ्या संकेताभोवती शेकडो व्हेरिअंट चमकतात. मग जीनोमवर डोळे मिटून बोट ठेवलं, तरी तिथला व्हेरिअंट कुठल्या तरी ऊतीत कुठल्या तरी जनुकाचा ईक्यूटीएल निघण्याची शक्यता दांडगी. म्हणून ‘आमचा व्हेरिअंट अमुक जनुकाचा ईक्यूटीएल आहे, सबब हे जनुक आजाराला कारणीभूत’ हे वाक्य पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी आहे. पोर्टलचा पाच टक्के एफडीआर, म्हणजे सापडलेल्यांत खोटे निघणाऱ्यांचं प्रमाण, एकेका ऊतीपुरता असतो. ४९ ऊती चाळून त्यातली मनाजोगती ओळ उचलली, तर त्या निवडीची भरपाई कुठेच झालेली नसते.

विचारायला हवा तो प्रश्न वेगळा: या जागी अभिव्यक्ती बदलणारा व्हेरिअंट आणि आजाराचा धोका बदलणारा व्हेरिअंट एकच आहेत, की शेजारी राहणारे दोन वेगळे? याचं गणित म्हणजे कोलोकलायझेशन, आणि त्यासाठी आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं सर्वाधिक वापरलं जाणारं पॅकेज म्हणजे कोलॉक. पहिली ठेच इथेच लागते. डाउनलोडच्या पानावरून सहज मिळणारी फाइल फक्त सांख्यिकी उंबरठा ओलांडलेल्या व्हेरिअंट-जनुक जोड्यांची असते. ती कोलॉकला दिली तर कमकुवत व्हेरिअंट आधीच गळालेले असतात, डोंगराचा नुसता माथा उरतो, आणि दोन माथे जवळ दिसले की उत्तर खोटं आश्वासक येतं. त्या भागातले सगळे व्हेरिअंट, ठळक-फिकट सगळे, लागतात. व्ही८च्या संपूर्ण जोड्या क्लाउडवर अशा पद्धतीने ठेवल्या आहेत की उतरवण्याचा खर्च उतरवणाऱ्यालाच येतो. हाच जीटेक्स डेटा एकसारख्या पद्धतीने पुन्हा तपासून ईक्यूटीएल कॅटलॉगने मोफत ठेवला आहे, आणि बहुतेकांना तो पुरतो.

कोलॉक चालवण्याआधीची तयारी जितकी कंटाळवाणी तितकीच निर्णायक. जीवासचे आकडे बी३७ या जुन्या मोजणीवर असतील तर आधी बी३८ वर आणा. गुणसूत्र, जागा आणि दोन्ही ॲलील अशा चार गोष्टींवर जुळवा. नुसत्या आरएस क्रमांकावर विसंबू नका, कारण एकाच जागी तीन ॲलील असले की घोटाळा होतो. ए/टी आणि सी/जी जोडीचे व्हेरिअंट, ज्यांची वारंवारता निम्म्याच्या जवळ आहे, ते वगळा. त्यांत डीएनएच्या कुठल्या धाग्यावरून वाचलं हे कळत नाही. कोलॉकला चिन्हाची फिकीर नसते, पण तुमच्या निष्कर्षाला असते. कोलॉकच्या व्हारबीटा या जागी प्रमाणत्रुटीचा वर्ग द्यायचा असतो. तिथे प्रमाणत्रुटीच देणं ही सर्वांत वारंवार होणारी चूक, आणि प्रोग्रॅम काहीही तक्रार न करता उत्तर देतो. अभिव्यक्ती प्रमाण वितरणात बसवलेली असल्याने एसडीवाय, म्हणजे प्रमाण विचलन, १ द्या, एनमध्ये त्या ऊतीची नमुनासंख्या, आणि आजाराच्या बाजूला रुग्णांचं प्रमाण. शेवटी दोन्हीकडे सामाईक उरलेले व्हेरिअंट मोजा. जीटेक्समध्ये संपूर्ण जीनोम वाचलेला आहे, त्यामुळे छोट्या भर-गळतीचे व्हेरिअंटही आहेत. पुष्कळ जीवासमध्ये ते नसतात. खरा कारक व्हेरिअंटच एका बाजूने गायब असेल तर उत्तराला अर्थ राहत नाही.

उत्तर पाच शक्यतांत वाटून येतं. एच४ म्हणजे कारण सामाईक, एच३ म्हणजे कारणं दोन आणि वेगळी. एच४ ०.८ च्या वर असेल तर लोक समाधान मानतात; ठीक आहे, पण पूर्वधारणा बदलून पाहा. मूळ पी१२, म्हणजे एखादा व्हेरिअंट दोन्हींना कारक असण्याची आधीच धरलेली शक्यता, १० चा उणे पाचवा घात असते, आणि ती दहा पटीने कमी केल्यावर एच४ कोसळत असेल तर तो पुरावा डेटाचा नसून धारणेचा आहे. आणि एच४ कमी आला म्हणून लगेच नकार देऊ नका. एच३ही कमी असून सगळा भार एच२वर (अभिव्यक्तीचा डेटा पहिला दिला असेल तर), म्हणजे फक्त आजाराचा संकेत आहे अभिव्यक्तीचा नाही या शक्यतेवर पडला असेल, तर त्या ऊतीत पुरेसे नमुनेच नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. एकाच जनुकाचे दोन-तीन स्वतंत्र संकेत असतील तर साधं कोलॉक गोंधळतं, कारण ते एकच कारक व्हेरिअंट गृहीत धरतं. तिथे सूझी या, अनेक संकेत वेगळे काढणाऱ्या पद्धतीवर आधारलेली आवृत्ती वापरा, मात्र तिला लागणारा एलडीचा, म्हणजे शेजारचे व्हेरिअंट किती एकत्र वारशाने येतात याचा तक्ता त्याच वंशाच्या नमुन्यांतून आलेला हवा. जीटेक्सचे सुमारे ८५ टक्के दाते युरोपीय वंशाचे, सुमारे १२ टक्के आफ्रिकी-अमेरिकी आहेत. पूर्व आशियाई किंवा दक्षिण आशियाई लोकांवर केलेल्या जीवासला हे आकडे तसेच जोडले तर शेजाऱ्यांची सोबतच वेगळी निघते, आणि काही व्हेरिअंट इथे मुळात नसतातच.

पान कोरं आलं तर? हा पोर्टलचा सर्वांत गैरसमजाचा भाग. शोधाच्या तक्त्यात फक्त उंबरठा ओलांडलेल्या जोड्या दिसतात, आणि हा उंबरठा प्रत्येक जनुकाला, प्रत्येक ऊतीत वेगळा असतो. एखादी जोडी थोडक्यात हुकली की मुळीच संबंध नाही, हे पोर्टलच्या ईक्यूटीएल कॅल्क्युलेटरने पाहता येतं: जनुक, व्हेरिअंट आणि ऊती एका ओळीत लिहा, हुकलेल्या जोडीचंही गणित मिळतं. शेकडो जोड्या असतील तर एपीआय, म्हणजे प्रोग्रॅममधून थेट विचारणा करायची सोय वापरा. तिथे जनुकाचा पूर्ण क्रमांक बिंदूनंतरच्या अंकासकट लागतो, नाहीतर रिकामं उत्तर येतं आणि माणूस त्यालाच निकाल समजतो.

खरोखर कोरं असलं, तरीही कारणं उरतात. प्रत्येक नमुना हा ऊतीचा आख्खा तुकडा असतो, पेशींचं मिश्रण. मेंदूतल्या मायक्रोग्लिया हा त्यातला छोटा हिस्सा, आणि अल्झायमरचे कित्येक संकेत त्यांच्यातच काम करतात. बाकीच्या पेशींच्या आरएनएत तो आवाज बुडून जातो. दुसरं, हे सगळे दाते प्रौढ. एफटीओ जनुकातल्या आरएस१४२१०८५ चं उदाहरण यासाठी लक्षात ठेवावं. लठ्ठपणाशी जोडलेला हा व्हेरिअंट एफटीओच्या इंट्रॉनमध्ये बसून दूरच्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ यांना वर नेतो, हे २०१५ साली दाखवलं गेलं. पण तो परिणाम चरबीपेशी बनू घातलेल्या पेशींत दिसला, चरबीच्या आख्ख्या ऊतीत नाही. चुकीच्या अवस्थेतली ऊती कितीही नमुन्यांनी मोजली तरी गप्प राहते. संसर्ग, सूज किंवा औषधाला प्रतिसाद देतानाच जागं होणारं नियंत्रणही इथे सापडणार नाही.

यामागे आणखी खोल कारण आहे, आणि त्याची चर्चा आता उघडपणे होते आहे. सहज सापडणारे ईक्यूटीएल जनुकाच्या सुरुवातीजवळ गर्दी करतात आणि बहुधा अशा जनुकांचे असतात ज्यांची मात्रा हलली तरी शरीर चालवून घेतं. आजाराशी जोडलेली जनुकं नेमकी उलट: त्यांची मात्रा मोठ्या प्रमाणात बदलणारे व्हेरिअंट नैसर्गिक निवडीने कमी करत आणलेले. २०२० च्या एका अभ्यासाने जीटेक्सच्या अभिव्यक्तीमधून आजारांच्या आनुवंशिकतेचा सरासरी ११ टक्के भागच जातो, असा अंदाज दिला. मोजलेल्या ऊती आणि अवस्थांपुरता हा आकडा आहे, पण अपेक्षा जमिनीवर ठेवायला पुरेसा आहे. स्प्लायसिंगचा, म्हणजे आरएनए कसं जोडलं जातं याचा तक्ताही त्यामुळे नेहमी उघडा. एकूण मात्रा तीच राहून प्रथिनाचा प्रकार बदलला, तर ते ईक्यूटीएलमध्ये दिसत नाही.

स्वतःच्या जनुकीय चाचणीची कच्ची फाइल घेऊन इथे येणाऱ्यांसाठी एक स्पष्ट सूचना. पोर्टल तुमचा धोका सांगत नाही. तिथला आकडा ही गटांची सरासरी आहे. एका माणसाची अभिव्यक्ती वय, औषधं, आहार, इतर शेकडो व्हेरिअंट यांनी हलते. शिवाय अशा फाइल बऱ्याचदा बी३७ वर असतात, त्यामुळे जागेच्या आकड्याने शोधलं तर भलताच व्हेरिअंट उघडतो. चाचणीत काही काळजीचं दिसलं असेल तर जनुकीय समुपदेशकाकडे जा.

पहिल्या थांब्यासाठी याहून चांगलं साधन आमच्या माहितीत नाही: मांडणी स्वच्छ, पद्धती तपशिलात लिहिलेल्या, जुन्या आवृत्त्या जपलेल्या. वैयक्तिक जीनोटाइप मात्र अर्ज करून, डीबीगॅप या नियंत्रित डेटासाठ्यामार्फतच मिळतात, आणि ते योग्यच आहे. रक्ताचा प्रश्न असेल तर जीटेक्सच्या ६७० नमुन्यांवर थांबू नका; ईक्यूटीएलजेन या संशोधनगटाकडे ३१,६८४ लोकांच्या रक्ताचा डेटा आहे, फक्त तिथे उताराऐवजी झेड-स्कोअर मिळतो आणि जागा बी३७ वर असतात. रक्तातल्या एकेका पेशीप्रकारासाठी ९८२ लोकांवर केलेला वनकेवनके हा अभ्यास पाहा. मूत्रपिंडासाठी जीटेक्सचे ७३ नमुने फक्त दिशा दाखवण्यापुरते धरा, आणि तिथे काही सापडलं नाही तर तो निकाल कुठेही ‘नाही’ म्हणून नोंदवू नका.